चौदा ते अठरा, ही वर्षं मैदानाची

बीड जिल्ह्यातल्या आईबापांकडे, आजी-आजोबांकडे, शाळेतल्या सर-बाईंकडे आणि गावकारभाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. ते आधीच सांगून टाकतो. घरातली लेक तेरा-चौदा वर्षांची झाली, तिच्या पायात वेग दिसला आणि ती म्हणाली, मला फुटबॉल खेळायचाय, तर पुढची चार वर्षं तिला खेळू द्या. अठरा पूर्ण होईपर्यंत तिच्यासाठी स्थळ बघू नका, तिला उसाच्या फडात नेऊ नका आणि संध्याकाळचा तिचा दीड तास घरकामात घालू नका. मागणं एवढंच आहे. ते का करतोय आणि निभवायचं कसं, ते आता सांगतो.

फुटबॉलच का, असं कोणीही विचारेल. आपला जिल्हा कुस्तीचा आणि धावण्याचा. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेपायी रोज मैलोगणती तुडवत मोठा झाला, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये पहिला आला आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कप्तान प्रियांका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातली. तेव्हा लेक खो-खो खेळली, कबड्डी खेळली, तरी माझी काही तक्रार नाही. तिनं खेळावं, हे महत्त्वाचं. पण फुटबॉल स्वस्त आहे, एका चेंडूवर बावीस पोरी खेळतात, आणि या खेळात आपल्या लेकींचं नाव अजून कुठं ऐकू येत नाही. जिथं रांगच लागलेली नाही तिथं पहिला नंबर लागायला वेळ लागत नाही, हा माझा साधा हिशेब.

नांदेडच्या पलीकडे, गोदावरी ओलांडली की तेलंगणाचा निजामाबाद जिल्हा लागतो. एकेकाळी तो आणि आपण एकाच निजामाच्या राज्यात होतो. तिथल्या एका लमाणी तांड्यावरची सौम्या गुगुलोत, जन्म २००१ चा. घर शेतीवरचं. शाळेत असताना ती धावायची. तिचा वेग पाहून प्रशिक्षकानं तिला फुटबॉलकडे वळवलं. पुढे ती भारताच्या संघात आघाडीला खेळू लागली, क्रोएशियातल्या डिनामो झाग्रेब या क्लबकडे गेली, परत येऊन कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळली, आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. आपल्याकडे परळी, गेवराई, माजलगाव, वडवणी, कुठल्याही तालुक्यात तांडे आहेत. तिथल्या पोरी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात तेव्हा त्यांच्या पायांकडे कोणी प्रशिक्षकाच्या नजरेनं पाहिलंय का? निजामाबादला कोणीतरी पाहिलं, एवढाच फरक आहे. पाणी तेच, माती तीच.

आता थोडं लांबचं. भारताच्या महिला फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त गोल जिच्या नावावर आहेत ती बाला देवी, मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबाम गावची. जन्म फेब्रुवारी १९९०. लहानपणी गावातल्या मुलांबरोबर खेळली, कारण मुलींचा वेगळा संघ नव्हता. पंधराव्या वर्षी देशाकडून खेळली. पुढे मणिपूर पोलिसात नोकरी लागली, आणि ही नोकरी तिच्या खेळाच्या आड आली नाही, उलट तिच्यामागे उभी राहिली. २०१८-१९ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये मणिपूर पोलिसांच्या संघाकडून तिनं एका हंगामात २६ गोल केले. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनं तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. युरोपातल्या क्लबनं भारतीय महिलेला असा व्यावसायिक करार देण्याची ती पहिली वेळ. पाठीवर दहा नंबर. ती तिथं पोचली आणि काही आठवड्यांत कोविडनं सगळी मैदानं बंद केली. परक्या देशात, परक्या थंडीत, खेळायला गेलेली बाई खेळाविना बसून राहिली. तरी थांबली. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध ती बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि गोल करून आली. पुढे गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला हे दुखणं सहसा घरीच पाठवतं. बाला परत आली, पुन्हा देशाचा शर्ट घातला, आंतरराष्ट्रीय गोलांचा आकडा पन्नासावर नेला.

बालाचं वय बघा. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी दुखापतीतून उठून परत खेळण्याची ताकद कुठून आली असेल? मला वाटतं, ती अकराव्या, बाराव्या, पंधराव्या वर्षी कमावलेली होती. आघाडीला खेळणाऱ्या पोरीचं काम दिसायला सोपं असतं: चेंडू आला, मारला, गोल झाला. खरं तर नव्वद मिनिटांत तिच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. बाकी वेळ ती मोकळी जागा शोधत असते, बचाव करणारीच्या पाठीमागून निसटत असते, मागून येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेत असते. दहा वेळा चुकायचं आणि अकराव्या वेळी त्याच हिमतीनं पळायचं. ही सवय वयाच्या तेरा ते अठरा वर्षांत अंगात मुरते. पंचविशीत शिकवून ती येत नाही. वेग वाढवता येतो, ताकद वाढवता येते, पण चेंडू कुठं पडणार हे आधी कळणं म्हणजे हजारो वेळा तो पडताना बघितल्यावर येणारं ज्ञान.

पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावची मनीषा कल्याण शाळेत धावायची, बास्केटबॉल खेळायची. आठवीत असताना शारीरिक शिक्षणाच्या सरांनी विचारलं, फुटबॉल खेळशील का? २५ नोव्हेंबर २०२१ ला ब्राझीलमध्ये मानाऊसच्या मैदानावर तिनं ब्राझीलविरुद्ध गोल केला. सामना आपण १-६ हरलो, पण त्या एका गोलानं आठव्या मिनिटाला बरोबरी झाली होती. २०२२ मध्ये ती सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. त्या स्पर्धेत उतरलेली ती पहिली भारतीय. आठवीतल्या त्या एका प्रश्नाचा हा पल्ला. आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या, संस्थांच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनो, तुम्ही हा प्रश्न विचारा. तुमच्याकडे निवडणुकीची, सर्वेक्षणाची, पोषण आहाराच्या नोंदींची कामं ढिगानं आहेत, हे ठाऊक आहे. पण हा प्रश्न विचारायला नोंदवही लागत नाही.

आणि ज्या ब्राझीलविरुद्ध मनीषानं गोल केला, तिथली मार्ता. अलागोआस राज्यातल्या दोईस रियाचोस या गावची. तो भाग ब्राझीलचा कोरडवाहू पट्टा. पाऊस लहरी, माणसं पोटासाठी शहराकडे जाणारी. ऐकताना पाटोदा-शिरूर आठवल्याशिवाय राहत नाही. बाप लहानपणीच घर सोडून गेलेला, आईनं चार लेकरं वाढवली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानंच बंदी होती, आणि मार्ता जन्मली १९८६ मध्ये, म्हणजे कायदा गेलेला, पण गावातली माणसं तीच. पोरांत खेळते म्हणून नावं ठेवली गेली. चौदाव्या वर्षी ती तीन दिवसांच्या बस प्रवासाला निघाली, रिओ द जानेरोत वास्को द गामा क्लबच्या चाचणीला. आज विश्वचषकात तिचे १७ गोल आहेत. २०२२ च्या पुरुष विश्वचषकापर्यंत इतके गोल कुठल्याही पुरुषानंही केले नव्हते. जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिला सहा वेळा निवडलं गेलं. तिच्या आईनं त्या चौदाव्या वर्षी तिला बसमध्ये बसू दिलं. मी तुम्हाला मुलीला तीन दिवसांच्या बसनं पाठवा असं म्हणत नाही. शाळेच्या मैदानापर्यंत जाऊ द्या.

आता आपल्या घरचं बोलू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास. म्हणजे आपण राज्याच्या दुप्पट. त्याआधीच्या पाहणीत आपण पन्नासच्याही वर होतो. तेव्हा सुधारणा आहे, ती नाकारत नाही. पण सौम्या, मनीषा, बाला, मार्ता, या चौघींची जी वर्षं मैदानावर गेली, तीच वर्षं आपण लेकींची बोहल्यावर घालवतो. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे हजार मुलांमागे सहा वर्षांखालच्या मुली फक्त ८०७ होत्या. ज्या जन्मल्या, वाचल्या, त्या पोरींतल्या सर्वांत धाकट्या आज पंधराच्या आसपास आहेत. कष्टानं टिकलेल्या आहेत त्या. त्यांना आणखी चार वर्षं द्यायला काय हरकत आहे?

हरकत काय असते, हे मला ठाऊक नाही असं नाही. दसरा झाला की मुकादम ऊसतोडीची टोळी भरतो, ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. उचल घेतलेली असते. मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत कोपीत राहायचं. वयात आलेली लेक मागं कुणाकडे ठेवायची? आजीला नीट दिसत नाही, चुलत्याचं घर भरलेलं, आणि गावात काही झालं तर तोंड कसं दाखवायचं? सोबत न्यावी तर फडावर न्हाणीघर नाही, रात्री उघड्यावर झोप. मग लग्न करून टाकलं की जबाबदारी उतरली, असं आईला वाटतं. त्यात नव्या जोडीचा एक पूर्ण कोयता होतो, उचल वाढते. या आईबापांना मी दुष्ट म्हणणार नाही. भीती खरी आहे. पण भीतीवरचा उपाय लग्न असतो, हे मला पटत नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालेली पोर सतराव्या वर्षी त्याच फडावर असते, त्याच कोपीत, फक्त आता पोटात लेकरू घेऊन.

मग करायचं काय? हंगामी वसतिगृह ही सोय आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या लेकरांच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. पण यादी वेळेत गेली तरच. दसऱ्याच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा, लेकीचं नाव यादीत आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे, मुलींची वसतिगृहं वेगळी. तिथं जागा आहे का, कधी मिळते, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. एकट्यानं विचारलं तर उद्या या म्हणतील. चार-पाच आईबाप मिळून गेलात तर बसायला खुर्ची मिळेल.

आणि इथंच फुटबॉलचा संघ कामाला येतो. मागं राहिलेल्या बारा-पंधरा मुली रोज एकत्र मैदानावर येतात, एकत्र घरी जातात, आज अमकी का आली नाही हे दुसऱ्या दिवशी विचारतात. एकटी पोर डोळ्यांआड होते, पंधराजणींच्या घोळक्यातली होत नाही. कुणाचं लग्न ठरतंय ही बातमी सरांना सगळ्यांच्या आधी अशाच घोळक्यातून कळते. बातमी कळली तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी. कायदा नवऱ्याला आणि आईबापांना तर धरतोच, लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयवाले, भटजी, आचारी, मंडपवाले, सगळ्यांनी ऐकून ठेवा.

मैदानाबद्दल. मोठं मैदान नाही म्हणून अडून बसू नका. शंभर मीटरचं मैदान मोठ्या सामन्यांना लागतं. पाच-पाच जणींच्या खेळाला शाळेचं अंगण पुरतं. दोन बांबू रोवले की गोल. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून पाय मुरगळतो, त्यामुळे मुरमाची जागा असेल तर ती निवडा, दगड वेचून घ्या, महिन्यातून एकदा पाणी मारून रोलर फिरवा. ग्रामपंचायतीकडे रोलर आहे का, ते विचारा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना चार नंबरचा चेंडू, पुढे पाच नंबरचा. बूट नसले तरी चालतील, पण अनवाणी दगडांवर नको. साधे कॅनव्हासचे बूट घ्या. एक चेंडू, बारा मुली, आणि गावातली एक मोठी बाई रोज मैदानाच्या कडेला बसलेली. आशाताई असो, अंगणवाडीताई असो, कुणाची आजी असो. मैदानावर बाई बसली की टवाळ पोरं कुंपणापाशी रेंगाळत नाहीत.

कपड्यांवरून भांडणं होतील, होऊ द्यात. पण ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून फुटबॉल खेळता येतो. चड्डीवरून मुलीचा खेळ बंद पाडणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यातला प्रकार. पोर खेळायला लागू दे, पुढचं ती ठरवेल.

शरीराचं सांगतो, कारण इथंच जास्त मुली गळतात. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असलेली पोर दहा मिनिटं पळाली की धापा टाकते आणि आपण म्हणतो, हिच्यात दम नाही. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. बऱ्याच पोरी ती खिडकीबाहेर टाकतात, कारण तोंड कडू होतं, मळमळतं. ती उपाशीपोटी देऊ नका, जेवल्यावर द्या, वर लिंबू-पाणी द्या, आणि तासभर तरी चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही. रोज मूठभर शेंगदाणे आणि गूळ, आठवड्यातून तीन-चार अंडी, बाजरीची भाकरी, पालेभाजी. एवढ्यावर खेळाडू उभी राहते. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे तिला विचारा, तिच्या पोटात दुखत नसेल तर खेळण्यानं काही बिघडत नाही. बाला देवीच्या गुडघ्याची गोष्ट वर सांगितली. गुडघ्याचं हे लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट आहे. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक सराव: हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. फिफानं हा सराव बसवलाय, त्याला 'फिफा अकरा प्लस' म्हणतात, व्हिडिओ मोबाइलवर मिळतात. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला, २००८ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, गंभीर दुखापती बऱ्याच कमी झाल्या होत्या. क्रीडाशिक्षकांनी हा सराव पाठ करावा. थेट सामना खेळायला सोडणं म्हणजे पोरींच्या गुडघ्यांशी जुगार.

एक गोष्ट आईबापांनी बिनदिक्कत विचारावी: मुलगी बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत बाई कोण आहे? २०२२ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परदेश दौऱ्यावरून परत बोलावून पदावरून काढलं होतं. देशाच्या संघात हे घडू शकतं, तर तालुक्याच्या संघाबद्दल आपण डोळे मिटून कसं चालेल? सोबत बाई व्यवस्थापक नसेल तर लेकीला पाठवू नका, आणि ती का नाही हे लेखी विचारा. मुक्कामाचा पत्ता, फोन नंबर, परतीची वेळ, हे आधी मागून घ्या. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. फक्त या भीतीपायी लेकीचा खेळ थांबवू नका. चूक करणाऱ्याला घरी पाठवायचं असतं, खेळणारीला नाही.

पैशाबद्दल खोटं बोलणार नाही. महिला फुटबॉलमध्ये क्रिकेटसारखा पैसा नाही. २०२३ मध्ये महासंघानं ठरवलं की इंडियन विमेन्स लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. देशातल्या सर्वांत वरच्या लीगची ही किमान रक्कम, आणि तिथवर पोचतात मोजक्या. उरलेल्यांचं काय? नोकऱ्या. बालाला मणिपूर पोलिसांनी सांभाळलं. जुलै २०२५ मध्ये थायलंडमध्ये जाऊन भारतानं थायलंडला २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. त्या सामन्यातले आपले दोन्ही गोल करणारी संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलाच्या संघातून पुढे आलेली. पोलीस, रेल्वे, निमलष्करी दलं खेळाडूंची भरती करतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धा लागतात, प्रमाणपत्राची पडताळणी होते. प्रमाणपत्र विकत देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दारातून घालवा. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, लागलेल्या नोकऱ्या गेल्या, गुन्हे दाखल झाले. आपल्या भागाचं नावही त्यात आलं, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

शिवाय आघाडीला खेळलेली प्रत्येक मुलगी देशाकडून खेळेल असं नाही. बहुतेक जणी तालुक्याला, जिल्ह्याला थांबतील. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर शेतकऱ्याच्या घरातली. ती खेळता खेळता प्रशिक्षणाकडे वळली, आशियाई महासंघाचा ए दर्जाचा परवाना मिळवला आणि अखिल भारतीय महासंघाच्या ग्रासरूट्स विभागाची प्रमुख झाली. प्रशिक्षक, पंच, फिजिओ, क्रीडाशिक्षिका, अशा जागा आहेत, आणि मुलींच्या संघासोबत बाई हवी हे वर म्हटलंच. तशी बाई प्रशिक्षक आकाशातून पडणार नाही. आज जी मुलगी शिरूर कासारच्या मैदानावर डाव्या पायानं चेंडू मारायला शिकतेय, तिच्यातूनच ती निघेल.

शालेय स्पर्धा मुलींसाठी चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखाली अशा होतात. दिल्लीच्या सुब्रतो चषकात मुलींचा सतरा वर्षांखालचा गट आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी. प्रवेशिका शाळेनं मुदतीत भरायच्या असतात आणि मुदत पावसाळ्यातच संपते. जून उजाडताच मुख्याध्यापकांना विचारा: मुलींचा फुटबॉल संघ नोंदवला का? नाही म्हणाले, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय बीडला आहे, तिथं जा. काही वेळा असं होईल की तालुक्यातून एकच मुलींचा संघ आला म्हणून सामना न खेळताच तो जिल्ह्याला जाईल. लाजू नका, जा. जिल्ह्याला दोन सामने हरले तरी त्या पोरींना कळेल की गोलासमोर हवेत चेंडू कसा येतो.

शेवटचं सांगणं मुकादमांना, कारण या जिल्ह्यात आईबापांच्या खालोखाल लेकीच्या आयुष्यावर तुमचा हात असतो. विभागाच्या, राज्याच्या स्पर्धा ज्या दिवसांत होतात, त्याच दिवसांत तुमच्या टोळ्या निघतात. गाडी भरताना ज्या घरात अठराच्या आतली पोर आहे, तिला अर्धा कोयता म्हणून हिशेबात धरू नका. आईबापाला उचल देताना एवढंच म्हणा, पोरगी गावात राहील, तिचं नाव वसतिगृहाच्या यादीत घाला, मी सरपंचाशी बोलतो. तुम्ही बोललात तर सरपंच ऐकतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि संघाला चेंडू लागला तर एक घेऊन द्या. टोळीच्या एका दिवसाच्या चहापाण्याइतका खर्च नाही तो.